पालातली पाचवी

स्वयंपाकघरातल्या नळानं फुस्स केलं. पाणी नव्हे, नुसती हवा. आमच्याकडं पाणी आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा येतं, म्हणून नळाची चावी कुणी बंदच करत नाही. खाली बादली ठेवायची, आणि पाण्याआधी तो असा घसा खाकरला की हातातलं टाकून उठायचं. मी उठले नाही. धाकटा नुकताच झोपला होता, ईश्वरी बालवाडीत होती, आणि दुपारच्या त्या तुकड्यात मी टेबलावर वही उघडून बसले होते. माझं लिहिणं अशा तुकड्यांतच होतं, एक कान पाळण्याकडं आणि एक कुकरकडं ठेवून. कधी अर्धं वाक्य लिहून उठते आणि उरलेलं अर्धं भांडी घासताना हातातून निसटून जातं. नळ पुन्हा एकदा फुसकारला आणि गप्प झाला. घर इतकं शांत झालं की पाळण्याच्या कडीचा लोखंडी वास यावा. आणि त्या शांततेत, जणू नळानंच जागा करून दिली होती, एक रडणं आलं. बारीक, कोरडं, शेवटाला तुटणारं. धाकट्याचं रडणं आता सात महिन्यांचं झालंय, त्यात मागणं असतं, रुसणं असतं. ह्या रडण्यात काहीच नव्हतं, नुसतं ‘आलोय’ एवढंच होतं. मला कळायच्या आत अंगाला कळलं. पान्हा फुटला, ब्लाउज दोन्हीकडं भिजला, आणि मी छातीवर हात धरून खिडकीशी गेले तेव्हा वहीवरून पेन आपोआप घरंगळत टेबलाच्या काठापर्यंत गेलेलं मला नुसतं ऐकू आलं.

खिडकीतून समोरची मोकळी जागा दिसते. आमच्या कॉलनीच्या नकाशात ती ‘ओपन स्पेस’ आहे, बगीचा होणार म्हणून सोडलेली, आणि शेजारच्या वत्सलाबाई काकूंच्या तोंडात ती ‘वपन पेस’ आहे. बगीचा झाला नाही. दसऱ्याच्या आधी तिथं पालं पडली. घिसाडी लोक, लोहारकाम करत गावोगाव फिरणारे. आमच्या जिल्ह्यातून ऊस तोडायला माणसं निघायच्या आधी त्यांना कोयते लागतात, म्हणून दरवर्षी ह्याच दिवसांत ती येतात. पूर्वी म्हणे मोंढ्याच्या बाजूला उतरायची. मोंढ्याला भिंत झाली तशी पुलाखाली गेली, पुलाखाली जाळी झाली तशी स्टँडमागं, आणि स्टँडमागं दुकानं झाली तशी आमच्या खिडकीसमोर. मला कधी वाटतं, शहर वाढतं म्हणजे काय होतं, तर बसायची जागा एकेक करून उचलली जाते, घरातल्या पाहुण्याखालून चटई ओढावी तशी, बोलत बोलत, हसत हसत.

आमच्या कॉलनीनंही वाईट शब्द कुणी वापरला नाही. आधी पाटी लागली. पाटी वाचता येणारे पालात कुणी नसावेत किंवा असूनही त्यांना ती आपल्यासाठी वाटली नसावी. मग रस्त्यावरच्या व्हॉल्व्हची गळती दुरुस्त झाली. दोन वर्षं अर्ज करून जी होत नव्हती ती दोन दिवसांत झाली, कारण त्या गळतीवर पालातल्या बाया पाणी भरत. मग उंच खांबावर पांढरा दिवा लागला, रात्रभर पालांवर सोडलेला. त्या उजेडात बाया गोधड्या शिवायला बसल्या. मग वर्गणीतून जेसीबी आणून जागेभोवती चर खणला. त्यांनी चरावर फळी टाकली. प्रत्येक वेळी ग्रुपवर फोटो यायचा, खाली अंगठे यायचे, आणि काकूंचे मालक, माणिकराव काका, जे एसटीतून रिटायर झाल्यापासून कॉलनी हाच एक डेपो समजून चालवतात, ते लिहायचे : ‘काम प्रगतीपथावर.’ त्या आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं : ‘शनिवारी सकाळी अतिक्रमण हटाव पथक येणार. सर्वांनी सहकार्य करावे.’ आदिनाथनं, माझ्या नवऱ्यानं, ते वाचून फोन उलटा ठेवला. “तू मधे पडू नको,” मी काही बोलले नव्हते तरी तो म्हणाला. “काका शेजारी आहेत. अडीअडचणीला त्यांचंच दार आहे आपल्याला.” तो खोटं बोलत नव्हता. धाकट्याच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा काकांनीच गाडी काढली होती, आणि खड्डा आला की मागं वळून माझ्यापेक्षा मोठ्यानं ‘आई गं’ म्हणत होते.

तर शनिवारी पथक येणार, आणि आज मंगळवारी तिथं एक बाळ रडत होतं. मी मनात दिवस मोजले नाहीत, पण अंगानं मोजले. ओली बाळंतीण. शनिवारी तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवतील. ट्रॉलीचा पत्रा, चरातून जाताना बसणारा आदळा, आणि ते सगळं माझ्या ओटीपोटात आधीच बसून गेलं. धाकट्यानंतर कितीतरी दिवस मला खुर्चीवर धड बसता येत नव्हतं, मी उशी घेऊन बसायची. मी खिडकी लावली. लावल्यावर रडणं कमी ऐकू आलं, पण पान्हा थांबला नाही. तेवढ्यात नळाला खरंच पाणी आलं आणि मी बादल्यांमागं पळाले.

शुक्रवारी दुपारी गेट वाजलं. कडी नव्हे, गेटच्या गजावर कुणीतरी बोटातली अंगठी वाजवत होतं, हळू, झोपलेलं लेकरू असेल हे माहीत असल्यासारखं. बाहेर पालातली म्हातारी उभी होती. हातभर हिरवं गोंदण, डोक्यावरून पदर, पायांत पुरुषी चपला. ती मला माहीत होती. सरूबाई. दसऱ्याला माझ्या विळीला तिनंच धार लावून दिली होती.

“बाई, पाटा हाय का तुमच्याकडं?”

“कशाला, मावशी?”

“आज पाचवी हाय. सुनेला पोरगी झाली सोमवारी रातीला.” तिनं हे असं सांगितलं, की जणू रेशन आलंय. “सटवाईला बसवाय पाटा लागतोय.”

“तुमचा कुठं गेला?”

“मागल्या गावात उठवलं तवा तेंनी टॅक्टरात टाकला. मी मागं पळालो लई लांब. पर पाटा काय हाक मारली म्हून थांबतो व्हय?”

ती हसली. मीही हसले आणि लगेच थांबले. घाईत म्हणाले, “माझ्याकडं मिक्सर आहे.” म्हणजे पाटा नाही असं म्हणायचं होतं. सरूबाईनं माझ्याकडं नीट बघितलं. “मिक्सरला कुकू कुठं लावावं, बाई? बटनाला?” मग मला एकदम सुचलं म्हणून मी म्हणाले, ऐरण आहे ना तुमची, तीही जडच असते, तिच्यावर नाही का चालणार. तिनं मान हलवली. हसू गेलं. “ऐरणीवर घाव पडत्यात. तिच्यावर सटवाई बसवली तर पोरीला घावच लिहील की ती. आमचं झालं ते झालं. हिला तरी दुसरं कायतरी लिहू दे.” जाताना तिनं आणखी दोन वस्तू मागितल्या, एक कोरा कागद आणि पेन. “आमच्यात कागद नसतोय. पोरं चुलीत घालत्यात.”

कोरा कागद आणि पेन. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि लेकराचं नशीब लिहून जाते, म्हणून कागद-पेन ठेवायचं. मी शिकलेली बाई आहे, मला हे खरं वाटत नाही असं मी कुणालाही सांगेन. पण ईश्वरीच्या पाचवीला मी नवं पेन आणायला लावलं होतं, निळं नको काळं म्हणून, आणि आदिनाथ मला हसला होता. माझी पाचवी कुठं झाली हे त्याला माहीत आहे, पण त्यानं ते कधी बघितलेलं नाही, कारण ती जागाच उरलेली नाही. वडवणीच्या पुढं आमचं गाव. आई-बापू दरवर्षी ऊस तोडायला खाली जायचे, आणि मी तिकडं कारखान्यावर, कोपीत जन्मले. कोपी म्हणजे बांबू वाकवून त्यावर चटई टाकलेलं घर, रांगून आत जायचं, उठून बसलं की डोकं चटईला लागायचं. आईकडं तेव्हा पाटा नव्हता. तिनं रस्त्याच्या कडेचा एक सपाट दगड धुऊन घेतला, शेजारी कोयता ठेवला, आणि कागद म्हणून मुकादमाकडून वजनाची एक जुनी चिठ्ठी मागून घेतली, मागची बाजू कोरी असलेली. “पुढल्या बाजूला कारखान्याचा शिक्का होता,” आई सांगते, “सटवाईला वाटलं सरकारी काम हाय. घाबरून तिनं तुला शाळंत घातलं.” हे ती इतक्या वेळा सांगते आणि प्रत्येक वेळी इतकी हसते, की त्या कोपीत थंडी किती होती हे तिनं मला कधी सांगितलंच नाही. ते मला माझ्या अंगालाच आठवतं. पाठीला जमीन, आणि पहाटे चटईच्या विणीतून येणारा उजेड, अंगावर बारीक बारीक चौकड्यांचा, जो मी हातानं धरायची. मळीचा गोडसर कुजका वास. दुसऱ्या कोपीतल्या माणसाचा खोकला आपल्याच घरातला वाटावा इतका जवळ. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला झोपच येईना, कारण स्लॅबखाली आवाज मरतो. वारा सुटलेला कळत नाही, शेजारी जागं आहे की झोपलंय कळत नाही. मी छताकडं बघत पडायची आणि वाटायचं, मी घरात आहे की कुणीतरी झाकण लावलंय. मग सवय झाली. झाकणाची सवय होते. इतकी होते की खिडकीसमोर पाल पडलं तेव्हा मी मुलांना तिकडं जाऊ दिलं नाही, आणि कशासाठी दिलं नाही हे स्वतःला विचारलंही नाही.

कॉलनीत पाटा एकच होता. तो काकूंच्या मागच्या अंगणात पपईखाली आडवा टाकलेला मी पाहिला होता. म्हणजे ज्या घरातून शनिवार निघाला होता, त्याच घरात जायला हवं होतं. धाकट्याला खांद्यावर टाकून मी निघाले. रस्ता एवढासा, पण पायात काहीतरी अडखळत होतं. आदिनाथचं ‘मधे पडू नको’ असेल, किंवा कुणी विचारलं की तुला काय पडलंय एवढं, तर काय सांगायचं हे माहीत नसणं असेल. काकू अंगणात शेंगा निवडत होत्या. आतून काकांचा फोनवरचा आवाज येत होता, ट्रॅक्टर किती वाजता, डिझेलचं काय.

“काकू, तुमचा पाटा हवा होता.”

“कावून गं? मिक्सर जळाला?”

“नाही. पाचवी आहे.”

“कुणाची?”

“समोर.”

त्यांचे हात थांबले. शेंग बोटात तशीच. “समोर म्हंजे पालात?”

“हं.”

आत फोन चालूच होता. काकूंनी माझ्याकडं बघितलंच नाही, सुपाकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता म्हणतील, तुला काय करायचंय. त्या म्हणाल्या, “काय झालं?”

“मुलगी.”

“कितवी?”

“पहिलीच वाटतं.”

“दूध हाय का तिला?”

“माहीत नाही.”

“माहीत न्हाई! पाटा मागाय आली मोठी, बाळंतिणीला दूध हाय का न्हाई ते माहीत न्हाई.” त्यांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. “तू कोपीतली ना गं? तुझ्या आईनं सांगितलंय मला बारशात. दगडावर पुजली म्हणं तुला.” मी मान डोलावली. गेल्या सात महिन्यांत त्या हे एकदाही बोलल्या नव्हत्या. मी ते लपवलं होतं असं नाही, पण इथं कुणाला माहीत नसेल असं धरून मी चालत होते, आणि आता कळलं की माहीत असूनही त्या मला रोज कढीपत्ता देत होत्या. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पपईखाली गेल्या, पायानं वाळली पानं बाजूला केली. “लिंबागणेशहून आणलाय मी ह्याला. बैलगाडीतनं. माझ्या तिन्ही लेकरांची पाचवी ह्याच्यावर झाली. नातवंडांच्या टायमाला मी पुण्याला न्हेते म्हनलं, तर सून म्हनली, आई, आजकाल दवाखान्यात नसतंय तसलं. तवापून पडलाय हितं उपाशी.” त्या बादलीतलं पाणी ओतून तो धुवायला लागल्या. मातीखालून दगड काळा, टाकीचे ठिपके असलेला, ओला ओला वर आला. “एक सांगते पर. आमच्या माहेरी रीत हाय. पाचवी पुजली का पाटा बारशापतुर जागचा हलवायचा न्हाई. हलला तर लिहिलेलं पुसतं. म्हातारीला सांग.”

मी त्यांच्याकडं बघितलं. उद्या शनिवार होता. ट्रॅक्टर त्यांच्याच सोफ्यावरून ठरत होता, चहा त्यांनीच केला असणार. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या विसरल्या होत्या की विसरल्या नव्हत्या, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही नक्की सांगता येणार नाही. मी फक्त “सांगते” म्हणाले.

घरी येऊन धाकट्याला आदिनाथकडं दिलं. तो शाळेत शिकवून नुकताच आला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. “कुठं निघालीस?” म्हणाला. मी म्हणाले, “मधे.” तो धाकट्याला घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला. ईश्वरीच्या चित्रकलेच्या वहीतलं मी एक पान फाडलं. तिच्या प्रत्येक पानावर एकच घर असतं, त्रिकोणी छपराचं, दोन खिडक्यांचं, वर एक सूर्य. असलं घर आमच्या कॉलनीत एकही नाही, सगळी डोक्यावर सपाट आहेत, तरी मुलं तेच काढतात.

“कुणाला देतेस कागद?”

“समोरच्या बाळाला.”

“मग त्यावर मी घर काढून देते.”

“नाही, कोराच लागतो.”

“कावून?” हे ती काकूंकडून शिकलीये.

“सटवाई लिहिणार आहे त्यावर.”

“काय लिहिणार?”

“बाळाचं पुढं काय काय होणार ते.”

“सटवाईची टीचर कोण आहे?” म्हणाली आणि चपला घालून तयार झाली. मी तिला नाही म्हणाले नाही. काकूंच्या अंगणातून पाटा मी कमरेवर घेतला, मूल घेतात तसा, आणि वरवंटा दुसऱ्या हातात. गार, जड, अजून ओला. त्याचं पाणी साडीतून मांडीवर उतरत होतं. फळीवरून चर ओलांडताना मला वाटलं, आपण हे वजन कुठंतरी आधीही उचललंय. मग आठवलं, आई शेवटच्या महिन्यात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरूनच ट्रकवर चढायची, आणि त्या मोळीखाली, तिच्या आत, मी होते.

पालात मी वाकून शिरले आणि डोकं ताडपत्रीला लागलं. आत उजेड निळा होता, ताडपत्रीचा. बाजेवर सरूबाईची सून बसली होती, विशीतली, कानाला फडकं बांधलेली, चेहरा थकून पिवळट पण डोळे तरतरीत. शेगडीत ओवा धुमसत होता, आणि त्या धुरात, ओल्या मातीत आणि तापलेल्या लोखंडाच्या वासात तो एक वास होता, जो माझ्या धाकट्याच्या डोक्याला आता येत नाही, संपला तो. मला पुन्हा पान्हा फुटेल असं वाटलं. खरं सांगायचं तर मी मनात ठरवून आले होते. मंगळवारपासून ठरवत होते, तिला दूध नसेल, मी विचारेन, ती नको म्हणणार नाही. पण पोरगी तिच्या छातीशी लागलेली होती, गटागटा पीत होती, मधेच ठसकली तर आईनं बोटानं सोडवून पुन्हा लावलं. तिला कशाचीही गरज नव्हती. मी द्यायला निघाले होते आणि तिथं भरलेलं होतं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि मग इतकं हलकं वाटलं की मी खाली मातीत बसूनच घेतलं.

दिवेलागणीला सरूबाईनं पाटा मांडला. कुंकू, हळद, ज्वारीचे दाणे, दोऱ्याचं रीळ. शेजारी कोयता, भट्टीतून आजच निघालेला, अजून मूठ न बसवलेला. वर तो कागद आणि माझं पेन. मी बारशापर्यंत पाटा न हलवण्याचं सांगितलं. सरूबाईनं ऐकलं आणि पालाबाहेर बघितलं, जिथं त्यांचं बाकीचं सामान आधीच गाठोड्यांत बांधून ठेवलेलं होतं. कुणी उठवायच्या आत आपणच बांधून ठेवायचं, म्हणजे तुटत नाही. ते त्यांना येतं. त्या गाठोड्यांकडं बघताना मला वाटलं, मी आता उठावं आणि काहीतरी मोठ्यानं बोलावं, काकांना, पथकाला, ग्रुपला. पण काय बोलायचं ते माझ्याजवळ नव्हतं. माझ्याजवळ अर्धी अर्धी वाक्यं होती. मी ईश्वरीचा हात धरून घरी आले.

शनिवारी सकाळी ट्रॅक्टर आला तेव्हा मी धाकट्याला भरवत होते. चमचा ताटलीत टाकून त्याला कडेवर घेऊन तशीच बाहेर पडले, त्याचं तोंड पुसायचं राहिलं. पथकात पाच-सहा माणसं आणि एक साहेब, कोवळा, दाढी कोरलेली, हातात फोन. माणिकराव काका पांढऱ्या बुटांत. पालातली माणसं गाठोडी उचलायला लागली. पहिलं पाल उतरलं, त्याचे बांबू जमिनीवर पडले, आणि तो आवाज मला दातांत झाला. दुसरं पाल बाळंतिणीचं होतं. तेवढ्यात काकू आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं निऱ्या वर धरलेल्या, फळीवरून तिरक्या तिरक्या. “हा खड्डा कुणी खणलाय? मेले असते ना मी पडून,” त्या म्हणाल्या. काका बुटांकडं बघायला लागले.

“ते पाल न्हाई उतरायचं,” काकू साहेबाला म्हणाल्या. “माझा पाटा हाय त्यात.”

“अगं, तुझा पाटा तिथं कसा गेला?” काका.

“चालत गेला.”

“मग घेऊन ये.”

“बारशापतुर हलत न्हाई तो. पाचवी झालीय त्याच्यावर.”

साहेब समजुतीनं म्हणाला, “आजी, आम्ही उचलून आणून देतो ना पाटा तुमच्या घरी. काही होत नाही.”

“तुजं गाव कोणतं रे?”

“गेवराईकडचं.”

“आई हाय का?”

“आहे की.”

“तिला फोन लाव. विचार, पाचवीचा पाटा हलवू का म्हून.”

माणसं हसली. त्याला वाटलं हे दोन मिनिटांत मिटेल. त्यानं खरंच फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. “आई, कामावर आहे, एक विचारायचं होतं...” पलीकडून कोंबड्यांचा आवाज, मग एका बाईचा, “कुणाची पाचवी? कुणाला काय झालं? मुलगी? मग तू तिथं काय करतूस मुडद्या, बाळंतिणीच्या दारात बूट घालून? हात लावू नको पाट्याला. आन् जेवलास का?” साहेबानं घाईनं स्पीकर बंद केला. कान लाल झाले होते. आता पथकातली माणसं उघड हसत होती, आणि ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता झाली तिच्यात पालातलं बाळ रडलं, तेच, शेवटाला तुटणारं. ह्या वेळी ते सगळ्यांनी ऐकलं. मी काकांकडं बघितलं. माझ्या बाळंतपणात ‘आई गं’ म्हणणारे काका. त्यांनी घसा खाकरला, आमच्या नळासारखा, बराच वेळ नुसती हवा.

“रिपोर्टमध्ये काय लिहू?” साहेब त्यांनाच म्हणाला.

मग मीच बोलले. मला वाटलं नव्हतं आवाज येईल. “लिहा, ओली बाळंतीण आहे. बारसं होईपर्यंत मुदत दिली.” अर्ध्यावर न तुटलेलं एक वाक्य. साहेबानं ते फोनवर टिपून घेतलं. “बारसं झालं की येणार हां आम्ही,” तो म्हणाला.

“ये की, आईला घेऊन ये,” काकू म्हणाल्या. “आमच्यात बारसं सव्वा महिन्यानं करतेत.” हे खोटं होतं. धाकट्याचं बारसं त्यांनीच बाराव्या दिवशी करायला लावलं होतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की बोल बघू. मी बोलले नाही. सव्वा महिन्यानं दिवाळी होऊन जाते, कोयते विकले जातात, टोळ्या उसाला निघतात, आणि घिसाडीही आपल्या पायांनी पुढच्या गावाला लागतात. पुढच्या गावात काय असेल ते असो. पण स्वतः उठून जाणं आणि उठवलं जाणं, ह्यातलं अंतर मला माहीत आहे. माझी आई आयुष्यभर त्या अंतरात राहिली.

ट्रॅक्टर रिकामा गेला. उतरलेलं पाल पुन्हा उभं राहायला लागलं, आणि मी पाहिलं की बांबूचं एक टोक आदिनाथनं धरलंय, शाळेच्या कपड्यांत, घड्याळाकडं बघत. काका घरी गेले आणि आम्हाला वाटलं रुसले, पण ते एक शहाबादी फरशी ढकलगाडीवर घालून घेऊन आले आणि फळी काढून चरावर ती टाकली. “तुझ्या काकूसाठी,” मला म्हणाले, मी विचारलं नव्हतं. “पडली तर मलाच करावं लागंल सगळं.” मग खिशातून एक खुरपं काढून सरूबाईसमोर धरलं. “धार लावता का? बोथट झालंय.” सरूबाईनं ते उलटंपालटं करून बघितलं. “हे खुरपं हाय व्हय? मला वाटलं उलथनं हाय.” काकू इतक्या हसल्या की डब्याचं झाकण पडलं, आणि शेपूच्या भाजीचा वास सुटला.

ते पाल उभं झालं तशी मी बाळंतिणीच्या पालात गेले. ईश्वरी माझ्या आधीच शिरली होती. निळ्या उजेडात ती पाट्यापुढं उकिडवी बसली होती, कुंकवाला हात न लावता, फक्त मान वाकडी करून, कागदाच्या अगदी जवळ डोळे नेऊन. बाळ झोपलं होतं. त्याची आई आमच्याकडं बघत होती. ईश्वरीनं कागद उजेडाकडं धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग पेन उचललं, टोपण काढलं, आणि माझ्याकडं वळली.

“आई, सटवाईनं काहीच नाही लिहिलं. मग आता घर मी काढू का?”